भारोभार गूळ

तागडी दिवाळीच्या मापावर अडली. भटूनं आणखी दोन किलोचं वजन टाकलं, तेव्हा कुठे पार्वताबाईंचं पारडं जमिनीवरून उचललं गेलं. म्हणजे पाच महिने अर्ध्या भाकरीवर काढून बाई दोन किलोनं वाढल्या होत्या. खळ्यात जमलेल्या माणसांना हसावं की काय करावं ते कळेना, आणि असं काही झालं की या घरातली माणसं आधी भागाबाईंच्या तोंडाकडे बघतात.

भागाबाई ही पार्वताबाईंच्या नवऱ्याची, आधारआबांची थोरली बहीण. उद्याच्या नवसासाठी सकाळच्या गाडीनं यावलहून आली होती आणि आल्या आल्या केळीचे घड मोजायच्या तागडीशेजारी खाट टाकून बसली होती.

"पार्वता," ती म्हणाली, "उपास तू केला का या तागडीनं?"

आता हसायला परवानगी मिळाली. पार्वताबाईंचा मुलगा भटूही हसला. ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला होता, तोच हसला. दिवाळीत असोद्याच्या फाट्यावर त्याची राजदूत फटफटी ट्रकखाली गेली आणि हा मात्र बांधावर उडून पडला, तेव्हा भागाबाईंनीच आठवण काढली होती: या पोराला तान्हेपणी घटसर्प झाला तेव्हा पार्वतानं मरीआईला माझ्या भारोभार गूळ वाहीन असं म्हटलं होतं, तो नवस अजून राहिलाच आहे. नवस बोलली तेव्हा पार्वताबाई कपाशीच्या काडीसारखी होती. पुढे दुष्काळ आले, पोरींची लग्नं झाली, नवस मागे पडत गेला आणि बाई भरत गेली. आता चैत्री पौर्णिमेला साऱ्या गावादेखत तागडीत बसायचं म्हटल्यावर ती अर्ध्या भाकरीवर आली. तेवढ्यात थोडी उतरते, म्हणाली. गूळ किती आणायचा ते ठरवायला दिवाळीत एकदा मोजून ठेवलं होतं, आणि आज पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हे असं.

"हात उतरले माहे," पार्वताबाई पारड्यातून उठता उठता म्हणाली. तिला उठायला सुनेचा, प्रमिलेचा खांदा लागला. "हात उतरले, पाय उतरले. पोटच उतरत नही."

"पोटातच तं जाते ना सगळं," भागाबाई म्हणाली. पुन्हा हशा.

"आत्या, वय झालं की वजन लवकर उतरत नाही," प्रमिला म्हणाली. वरणगावला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली ही सून. तिला गावातल्या हशात सामील होणं अजून जमलं नव्हतं. "पन्नाशीनंतर तर फारच अवघड जातं. माझ्या आईचंही तसंच झालं."

"वयाचं मले नको सांगू," भागाबाई म्हणाली. "तरणेपणी आम्ही चार दिवस निंदाले गेलो का लुगडं ढिलं व्हये. आता महिनाभर गेलो तं रुपयाभर उतरते. हे खरं हाये, मी कुठी नही म्हनते. पन बाई, उतरत नही हे एक, न् चढते हे एक. उपाशी मानूस चढत नही."

प्रमिलेनं तागडीतली वजनं उचलायला घेतली. तसं बघितलं तर या घरात भागाबाईंसमोर गप्प बसण्याची तिला बरीच सवय झाली होती.

झुंबरबाई मात्र हसली नव्हती. ही धाकटी जाऊ, लोटननानांची बायको, अंगानं वाळकी आणि जिभेनं नेमकी. माहेर धुळ्याकडचं, पस्तीस वर्षं असोद्यात काढूनही तिच्या बोलण्यातलं अहिराणी 'शे' गेलं नव्हतं. माघ महिन्यात कोठीची किल्ली थोरलीच्या कमरेची तिच्या कमरेला आली होती, आणि ती कशी आली हे घरात कोणी मोठ्यानं बोलत नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं. कोठीतल्या गुळाच्या ढेपेची कड कोणीतरी फोडत होतं. आज लिंबाएवढा, उद्या आंब्याएवढा. घरात उपास करणारी एकच बाई, तेव्हा चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. आबांनीच किल्ली काढून धाकटीच्या हातात दिली.

"जिजी, मी कोनं नाव लेस नही," झुंबरबाई आता भागाबाईंना म्हणाली. "पन किल्ली मनापाशी उनी तरी गूळ जासच शे. दोपारले मी आंग टाकस, तवय किल्ली उशाखाल ऱ्हास. काढनारनं काढी असंन. आते मी तरी काय करू?"

पार्वताबाईनं जावेकडे बघितलं. मग का कोण जाणे, नवऱ्याकडे बघितलं आणि पदर अंगभर ओढून आत गेली.

आबा बिडी पेटवायला गोठ्यामागे गेले.

त्यांना बिडी नको होती. त्यांना कोणी आपल्याकडे बघायला नको होतं. आधारआबांना दोन वर्षांपूर्वी साखरेचा आजार निघाला. जळगावच्या डॉक्टरांनी गोड बंद केलं आणि घरानं ते इतकं मनावर घेतलं की सणाच्या पुरणपोळीचा तुकडाही ताटात येईना. साठी उलटलेल्या माणसाची जीभ लहान पोरासारखी झाली. पहिल्यांदा बोटाएवढा गूळ घेतला तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली होती. दुसऱ्यांदा कमी वाटली. मग एक दिवस बायकोवर आळ आला, आणि आबा तोंड उघडणार तोच भागाबाई म्हणाली, "पार्वताशिवाय कोन खाईन?" आबांनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता किल्लीही त्यांनीच काढून दिली, कारण त्या दिवशी सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि घरच्या कर्त्यानं काहीतरी न्याय करणं भाग होतं. एका ढेकळासाठी माणूस किती खाली उतरतो हे त्यांना कळत होतं. कळूनही परवाच्या दुपारी त्यांनी झुंबरच्या उशाखालची किल्ली काढलीच होती.

आणि तागडीवर पार्वता चढली तेव्हा, खोटं कशाला बोला, त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. म्हणजे हीसुद्धा खातच असणार. आपण एकटेच नाही.

दुपारी बांगड्या भरायच्या होत्या. नवसाच्या बाईनं हिरवा चुडा नवा भरावा, असा या घरचा रिवाज. झुंबरबाईनं आदल्या दिवशी जळगावहून बांगड्या आणून ठेवल्या होत्या. जावेशी अबोला असला तरी तिचं माप तिला पाठ होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून दोघींच्या बांगड्या एकाच वेळी आणल्या जायच्या, थोरलीच्या मोठ्या आणि धाकटीच्या लहान. थोरलीच्या हातात बांगडी चढवायची म्हणजे साबण, कोमट पाणी आणि तिचं विव्हळणं, हे दर गुढीपाडव्याचं ठरलेलं. या पाडव्याला तेवढं झालं नाही. किल्ली गेल्यापासून पार्वताबाई कोणापुढे हात करायला तयार नव्हती.

"आना हात," झुंबरबाई साबणाचं पाणी घेऊन समोर बसली. भागाबाई शेजारी, प्रमिला दारात. पार्वताबाईनं पदराखालून हात काढला आणि मान फिरवली.

झुंबरबाईनं बोटं एकत्र दाबली, बांगडी लावली आणि सवयीनं जोर केला. जोर लागलाच नाही. बांगडी मनगटावरून सरळ कोपरापर्यंत गेली, आणि हात खाली केल्यावर तशीच परत येऊन पंजावरून निसटली. शहाबादी फरशीवर पडून फुटली.

"आग माय," भागाबाई म्हणाली. "नवसाचा चुडा फुटला. उचला काचा, बाहेर कोनाले सांगू नका."

झुंबरबाईचं काचांकडे लक्षच नव्हतं. तिनं दुसरी बांगडी घातली, तीही तशीच निघाली. मग तिनं स्वतःच्या हातातली एक बांगडी काढली, कसनुशी, कातडी ओरबाडून काढली, कारण तिला ती नेमकी बसत होती. ती थोरलीच्या हातात सरकवली. तीही सैल झाली.

आयुष्यभर या घरातली सगळ्यांत बारीक बाई म्हणून झुंबरबाईचं नाव होतं. तिची बांगडी थोरलीला ढिली होते, हे तिच्या डोक्यात शिरेना. तिनं न विचारता पार्वताबाईच्या चोळीची बाही दंडावर सारली. चोळी आतून दोन ठिकाणी टाचून घेतली होती. दंड तिच्या मुठीत मावला. वर खांद्याचं हाड, खाली कोपराचं हाड, मध्ये लोंबणारी कातडी.

"हाई काय शे, अक्का?" ती म्हणाली. "तुमना हात कोठे गया?"

"मी तं म्हनत व्हती," पार्वताबाई म्हणाली, "हात उतरले."

प्रमिला पुढे आली. तिनं दार लोटलं आणि सासूचा पदर बाजूला केला. रोज एका घरात राहून कोणी कोणाला असं बघत नाही. नऊवारीच्या घोळात, डोक्यावरच्या पदरात बाई गोल दिसायची तशी दिसत होती. पदराखाली गळ्याची हाडं वर आली होती, पाठीचे मणके मोजता येत होते, आणि या सगळ्या वाळलेल्या शरीराला पुढे एक पोट होतं. घट्ट, ताणलेलं, चकाकणारं. प्रमिलेनं त्यावर हात ठेवला. ते चरबीसारखं मऊ नव्हतं. तिचा हात आपोआप मागे आला.

"आई, दुखतं का?"

"दुखत नही वं. भरल्यासारखं लागते. दोन घास खाल्ले का पुरे व्हते. मले वाटलं बरंच हाये, उपासाले सोपं जाते."

प्रमिलेला एकदम आठवलं की भाकऱ्या तीच वाढत होती. अर्धी भाकरी वाढायची आणि त्यातलीही चतकोर परत यायची, ती तीच गाईला टाकायची. तिला कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही आणि आपण होऊन सांगायला ती भ्यायली. तिला तिथेच रडू आलं.

"रडतं काय?" भागाबाई म्हणाली, पण तिचा आवाज आता सकाळी खाटेवरून बोलतानाचा राहिला नव्हता. "वात असंन. म्हातारपनी पोट फुगतेच. उद्या तागडी व्हऊ द्या, परवा डाक्टरले दाखवू. नवस तोंडाशी आला न् मोडला तं मरीआई..."

"मरीआईले मी सांगसू," झुंबरबाई म्हणाली.

सकाळपर्यंत या दोघी एका बाजूच्या होत्या. गेल्या माघापासून घरातलं प्रत्येक खुसपट दोघींनी मिळून काढलं होतं, यावल आणि असोद्याच्या मध्ये निरोपांचा रतीब होता. भागाबाई बघतच राहिली.

"जिजी, तुमी बठा. तुमले देवीना भेव वाटस ना, मंग तुमी देवीपाशी बठा. मी अक्काले आते जळगावले लई जास." आणि तिनं दार उघडून हाक मारली, "भटू, गाडी दख. टेम्पो, जीप, जे भेटी ते."

भटूला आधी काही कळेना. गुळाच्या ढेपा उतरवायला आलेला टेम्पो दारातच उभा होता. त्यानं आईला टेम्पोत चढवण्यासाठी उचललं आणि तो थबकला. पोटाच्या बाजूनं ती जड होती आणि पाठीच्या बाजूनं काहीच नव्हती. सकाळी आपण हसलो होतो हे त्याला त्याच क्षणी आठवलं, आणि जळगाव येईपर्यंत तो मागे आईला टेकू देऊन बसला.

दवाखाना बायकांचा. आत पार्वताबाईबरोबर झुंबरबाई, प्रमिला आणि आबा गेले. भागाबाई हट्टानं आली होती, ती भटूजवळ बाहेर बाकावर बसली. नव्यानं आलेल्या सोनोग्राफीच्या मशीनवर डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ लावला. मग पडदा सारून त्या खुर्चीत बसल्या आणि आधी कोणाशी बोलावं ते ठरवत सगळ्यांकडे एकेकदा बघितलं.

"किती दिवस झाले पोट वाढतंय?"

"दिवाळीपासून," प्रमिला म्हणाली.

"आणि आज आणलंत."

"आम्हाला वाटलं..." प्रमिलेला पुढे बोलवेना.

"त्यांना वाटलं वय झालं, म्हणून अंग उतरत नही," आबा म्हणाले. 'त्यांना' म्हणाले, स्वतःला त्यात धरलं नाही.

"वय झाल्यावर वजन उतरायला वेळ लागतो, ते खरं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आबा, सगळं अंग वाळतं आणि पोट तेवढं वाढतं, हे वयानं होत नाही. यांच्या पोटात गोळा आहे. अंडाशयाचा. मोठा आहे, आणि भोवती पाणीही झालंय. अंगातलं जेवढं झिजलं त्याहून जास्त इकडे भरत गेलं. म्हणून वजन उतरायच्या ऐवजी वाढलं."

झुंबरबाईनं टेबलाची कड धरली.

"ऑपरेशन लगेच करावं लागेल. परवा. गोळा साधा आहे की वाईट, ते काढून तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही. खोटी आशा देणार नाही. यांच्या अंगात ताकद फार कमी आहे, त्याची मला जास्त काळजी आहे. उपास करत होत्या का त्या?"

उत्तर पार्वताबाईनंच दिलं.

"करत व्हती." ती टेबलावर उठून बसली होती, पदर नीट करत होती. तिचा चेहरा उजळला होता. हेच बघून प्रमिला सगळ्यांत जास्त हादरली. सासूचा असा चेहरा तिनं माघापासून पाहिला नव्हता. "बाई, म्हनजे हे जे वाढेल हाये, हे खाऊन नही वाढलं?"

"नाही हो. खाण्याचा काही संबंध नाही."

"चोरून खाऊन नही."

"काय?"

"गूळ वगैरे." पार्वताबाईनं दाराकडे बोट केलं. "भायेर माही ननंद बसेल हाये, माहा पोरगा हाये. त्यास्ले आत बोलवा न् एवढं सांगा. आपरेशनचं मंग सांगा. पहिले हे सांगा का पार्वता खात नव्हती. तुमी डाक्टर हाये, तुमचं आयकतीन."

डॉक्टरीणबाईंना अर्थ लागला नाही, त्या आबांकडे बघू लागल्या. आबांच्या हातातली टोपी खाली पडली. ती उचलायला ते वाकले नाहीत.

"गूळ मी खात व्हतो," ते म्हणाले.

झुंबरबाई वळली. "काय म्हनतस, आबा?"

"कोठीतला. मी खात व्हतो. पहिल्यापासून. तुह्या उशाखालची किल्लीबी मीच काढली."

झुंबरबाईला बसायला काही दिसेना, ती भिंतीला टेकली. ज्या किल्लीसाठी तिनं थोरलीच्या जेवणावर नजर ठेवली, भाकरीचे तुकडे बघितले, बाजारातून आलेली पिशवी उलटी करून बघितली, ती किल्ली देणाराच खाणारा होता. तिनं थोरलीकडे बघितलं. आता ही नवऱ्याला काय बोलते याची वाट बघत राहिली. खोलीतले सगळेच वाट बघत होते.

"मले माहीत हाये," पार्वताबाई म्हणाली.

आबांनी मान वर केली.

"तुमच्या उशीले मुंग्या लागत. रोज सकाळी मीच झाडत व्हती, सून झाडाले येण्याच्या आधी."

"अक्का," झुंबरबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, "तुमले माहीत व्हतं? मंग सांगं का नही? एक शबद तरी बोलानं व्हतं. मी किल्ली फेकी देती."

पार्वताबाईनं तिच्याकडे बघितलं. तिला राग आलेला नव्हता. आता तिच्यात तेवढी ताकदही नव्हती.

"कुनाले सांगू, झुंबर? सांगितलं असतं तं तुमी म्हटलं असतं, स्वतः खाते न् नवऱ्यावर ढकलते."

तसंच म्हटलं असतं, हे तिघांनाही माहीत होतं.